सर्वणच्या प्रज्योतचं गाऱ्हाणं

गोव्यातल्या सर्वणात प्रज्योत गावसचं घर विचारलंत तर कोणीही सांगेल, "त्या खडखडाटवाल्याचं ना? सरळ जा, कान दुखायला लागले की थांबा." लोक अतिशयोक्ती करतात, पण फार नाही. घर साधंच आहे, पुढे तुळस, मागे मांगर, म्हणजे अडगळीची शेड. त्या मांगरात पूर्वी ट्रकांचे टायर आणि ग्रीसचे डबे असायचे. आता तिथे वायरींचं जंजाळ आहे, एका रशियनाकडून जुनं घेतलेलं ड्रम मशीन आहे, आवाज साठवून बोटाच्या टोकाने वाजवायचा सॅम्पलर आहे, आणि मधोमध एक पत्र्याचं पिंप आहे. प्रज्योत त्या पिंपावर लोखंडी पाइपने मारतो. शेजारीपाजारी याला संगीत म्हणत नाहीत, आणि प्रज्योतही त्यांच्याशी वाद घालत नाही. तो कोणाशीच वाद घालत नाही. पस्तिशीचा झाला तरी या माणसाला चार वाक्यं सलग बोलताना पाहिलेला इसम डिचोली तालुक्यात सापडायचा नाही.

त्याच्या वडिलांचे दोन टिपर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, लोखंडाच्या खाणीवर चालायचे. खाणी बंद पडल्या, टिपर अंगणात उभे राहिले, चाकांत गवत वाढलं आणि शेवटी भंगारवाला येऊन घेऊन गेला. वडिलांनी त्यानंतर फार दिवस काढले नाहीत. भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी प्रज्योतने एक विचित्र उद्योग केला होता. एक टिपर कसाबसा चालू करून त्याचे सगळे आवाज टेप करून घेतले होते: इंजिनचा खोकला, हौदा वर उचलतानाचं कण्हणं, मागचा फाळका आदळतो तो धाडकन् आवाज. वडील पडवीत बसून बघत होते. पोरगा काय करतोय हे त्यांनी विचारलं नाही आणि पोराने सांगितलं नाही. त्या घरात ती रीतच होती. पुढे आई, देवकीबाय, थोरल्या मुलाकडे वास्कोला राहायला गेली. तिला नातवंडांचा गोंगाट चालतो, मांगरातला चालत नाही. जाताना ती म्हणाली, "तू पण चल," आणि हा म्हणाला, "बघू." तिला वाटलं होतं, हा एकदा तरी म्हणेल की आई, राहा. त्याच्या मनात ते होतं. ओठांपर्यंत आलं नाही.

असा हा माणूस, आणि त्याला जोडीदार मिळाला तो गौरेश. गौरेश पेडण्याकडच्या हळर्णचा. दोघे डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला होते. प्रज्योत इलेक्ट्रिशियन, गौरेश माल चढवण्याच्या खात्यात. एकदा गडहिंग्लजकडच्या केरबा नावाच्या कामगाराची बाही रोलरमध्ये ओढली गेली. कारखान्यात एवढी घरघर की शेजारच्याला शेजारचा ऐकू येत नसे. पण लांब ट्रकपाशी उभ्या गौरेशने ते पाहिलं आणि "बंद कर!" अशी हाळी घातली. ती सगळ्या यंत्रांच्या डोक्यावरून प्रज्योतच्या कानात आली, आणि काय झालं हे कळायच्या आत त्याचा हात स्विचवर गेला. केरबाचा हात वाचला, फक्त शर्ट गेला. केरबा दोघांच्या पाया पडायला लागला तेव्हा दोघेही लाजून पळाले, ते कॅन्टीनमागे एकमेकांना भेटले.

"काय तुझो आवाज रे," प्रज्योत म्हणाला. त्याच्या मानाने ते भाषणच होतं.

"घरचो," गौरेश म्हणाला.

ते खरंच होतं. गौरेशच्या घराण्याकडे देवळात गाऱ्हाणं घालायचा मान. गावकार देवापुढे उभा राहतो आणि गावाच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतो. कोणी नारळ घेऊन आला तर त्याचं खासगी मागणंही गावकारच देवाच्या कानावर घालतो. हा मान गौरेशचे वडील दत्ताराम यांचा. त्यांचा आवाज नदीपलीकडे जायचा म्हणतात.

टिपरचा फाळका आणि दत्तारामांच्या घरचा गळा एकत्र आले आणि 'रिजेक्शन' नावाचा बँड झाला. खाणीवर ज्या मातीत लोखंड कमी, तिला रिजेक्शन म्हणतात. तिचे डोंगर अजून गावागावांत पडून आहेत. प्रज्योत यंत्रांचा ठेका लावायचा, नाचाच्या गाण्यासारखा एकसारखा, छातीत बसणारा, पण दुप्पट घाईचा. त्यावर गौरेश गळ्याच्या शिरा तटतटेपर्यंत ओरडायचा: धुळीबद्दल, विकलेल्या शेताबद्दल, दिल्लीहून येऊन सुपारीच्या कुळागरात बंगला बांधणाऱ्यांबद्दल. एकेक गाणं दोन मिनिटांत आटपायचं. नाचायला आलेले लोक धक्काबुक्की करायला लागत, आणि धक्काबुक्कीसाठी आलेल्यांचे पाय नकळत नाचायला लागत. हरमलला एका जर्मन म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं की तुम्ही जे करता त्याला इंडस्ट्रियल हार्डकोर पंक म्हणतात. गौरेश म्हणाला, "म्हणूं देत. आमी आपली वेळ मेळ्ळी की वाजयतंव."

गंमत म्हणून सुरू झालेली एक गोष्ट पुढे त्यांची खूण झाली. गौरेश एक ओळ ओरडायचा आणि प्रज्योत आपल्या माइकमधून "व्हय!" असा ठोका द्यायचा. ठेका इतका घाईचा की ओळ पुरी होईपर्यंत थांबलं तर हुकलंच. म्हणून प्रज्योत अर्धा श्वास आधीच म्हणायचा. गौरेश प्रत्येक ओळीआधी डाव्या खांद्यावरून मागे बघायचा, आणि प्रज्योत मान हलवायचा. दहाबारा वर्षं हे चाललं. शिवोली, म्हापसा, हरमल, एकदा पुण्याला. पैसा म्हणाल तर पेट्रोलपुरता. पण जगात आपल्याकडे कोणीतरी वळून बघतं, ही गोष्ट प्रज्योतला दुसरीकडे कुठे मिळाली नव्हती. घरी नाही, कारखान्यात नाही, लग्नासाठी दाखवलेल्या मुलींकडे तर नाहीच. त्या बिचाऱ्या चहाचा कप संपेपर्यंत वाट बघायच्या आणि हा कपाकडे बघत बसायचा.

दत्ताराम एकदा त्यांचा कार्यक्रम बघायला आले होते. पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, कानात कापूस घालून बसले. संपल्यावर मुलाला म्हणाले, "आवाज बरो लागता. पण सांगतंस कोणाक?" गौरेश तेव्हा हसला होता.

यंदा पावसाळ्यात दत्तारामांना अर्धांगवायू झाला. जीव वाचला, वाचा गेली. गौरेशने डिचोलीची नोकरी सोडली आणि घराजवळ तुयेच्या वसाहतीत काम धरलं. तरी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात दोघे भेटायचे, कारण पेडण्याची बस आणि डिचोलीची बस एकाच स्टँडवर लागते. चतुर्थी झाल्यावर अशाच एका शुक्रवारी, भजीपावाची बशी पुढ्यात ठेवून गौरेश म्हणाला, "प्रज्योत, देवळातलां काम आता माझ्याकडे इलां. कार्यक्रम केलो की माझो गळो चार दिस बसता. सोमवारी देवाफुडें उबो रवलंय आणि आवाजच फुटना नाय. लोक नारळ घेवन उबे, आणि माझ्या तोंडातसून नुसतो वारो. बाबा खाटेवर पडान माझ्याकडे बघीत होतो. एका गळ्यान दोन कामां जावची नाय रे."

तो थांबला. समोरचा काहीतरी बोलेल, शिवी देईल, हात धरेल, म्हणून थांबला. आपलं सगळं आयुष्य या बशीपलीकडे बसलंय आणि उठून चाललंय, हे प्रज्योतला लख्ख कळत होतं.

"बरां," तो म्हणाला.

गौरेशने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, पैसे दिले आणि पेडण्याची बस धरली. भजी तशीच राहिली.

त्यानंतर प्रज्योतने जे केलं ते प्रज्योतच करू शकतो. त्याने मांगरात बसून जुन्या टेपांमधून गौरेशचा आवाज ओळ-ओळ कापून काढला आणि सॅम्पलरच्या बटणांवर बसवला. पहिल्या बटणावर "धूळ खा!", दुसऱ्यावर "कोणाची जमीन?", असा अख्खा गौरेश सोळा चौकोनांत. बटण दाबलं की गौरेश ओरडायचा आणि प्रज्योत "व्हय!" म्हणायचा. आवाजात काहीही कमी नव्हतं. पण तो आवाज मागे वळून बघत नव्हता. प्रज्योतचा ठोका चुकला तरी तो तसाच ओरडत पुढे जायचा, जणू मागे कोणी नाहीच. एका संध्याकाळी प्रज्योतने बटणावरून बोट उचललं आणि त्या पिंपाशेजारी बसून तो चक्क रडला. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून मोठ्याने रडला.

आणि अशात मांद्र्याचा कार्यक्रम ठरलेला. मांद्र्याच्या हॉलचं बघणारी तनया म्हापशाची, बोलायला चोख. तिने आठवडाभर आधी फोन केला. "गौरेश येत नाही असं ऐकलं. खरं काय?"

"येतलो," प्रज्योत म्हणाला.

"बघ हं. दोघे असाल तर 'रिजेक्शन' म्हणून लावते. एकटाच असलास तर पोस्टर बदलावं लागेल. तू कधी एकटा उभा राहिलायस? कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपर्यंत मला नक्की सांग."

कार्यक्रमाच्या दिवशीच हळर्णची जत्रा होती. हे कळल्यावर दुसरा कोणी कपाळावर हात मारून बसला असता, पण प्रज्योतच्या डोक्यात एक गोष्ट चमकली. गौरेशनेच कधीतरी सांगितलेली. दत्तारामांचं आणि त्यांच्या चुलतभावाचं बांधावरून हाडवैर. एका जत्रेला तो भाऊ नारळ घेऊन देवापुढे आला आणि मागणं काय सांगितलं? बांधाच्या खटल्यात दत्ताराम हरू दे. नारळ ठेवला की गाऱ्हाणं घालायलाच हवं, कोणाला परत पाठवायचं नाही, असा दंडक. आणि नारळ ठेवणाऱ्याने स्वतः मागायचं नाही, गावकाराने मागायचं. दत्तारामांनी नेहमीपेक्षा दुप्पट आवाजात स्वतःच्याच पराभवाचं गाऱ्हाणं घातलं, गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला, आणि वर्षभराने ते केस खरोखर हरले. ही गोष्ट सांगताना गौरेश हसून हसून लोळायचा.

प्रज्योतने ठरवलं की नारळ घेऊन जायचं. माझा जोडीदार परत येऊ दे, एवढंच सांगायचं. मग गौरेशला ते स्वतःच्या तोंडाने, अख्ख्या गावासमोर मागावं लागेल, आणि एकदा देवापुढे मागितलं की त्याला नाही कसं म्हणता येईल? ज्याला समोरासमोर "थांब" म्हणता येत नाही, त्या माणसाने देवाला मध्ये घालून रचलेला हा बेत. हसू येतं, पण मला त्याची कीवही येते.

सकाळी त्याने व्हॅनमध्ये सगळी यंत्रं भरली, पिंपसुद्धा, आणि अस्नोड्यावरून कोलवाळचा पूल ओलांडून निघाला. वाटभर तो एकच वाक्य घोकत होता. धारगळला वळेपर्यंत ते पाठ झालं होतं.

हळर्णच्या देवळापुढे खाज्याची आणि लाडवांची दुकानं लागली होती, बायका अबोलीच्या वळेसरांसाठी, त्या विणलेल्या गजऱ्यांसाठी, घासाघीस करत होत्या. प्रज्योतने शेवंती नावाच्या बाईकडून नारळ घेतला. तिने त्याच्या काळ्या टी-शर्टाकडे पाहिलं. त्यावर टिपरचं चित्र आणि रक्ताळलेली अक्षरं होती.

"खंयचो रे तू?"

"सर्वणचो."

"इतक्या लांबसून? मोठां मागणां दिसता."

तो मान हलवून रांगेत जाऊन उभा राहिला. पुढे तीसेक माणसं. सभामंडप खचाखच भरलेला. आणि पलीकडे, देवाकडे तोंड करून, धोतर नेसलेला, उघडा, खांद्यावर उपरणं घेतलेला गौरेश. प्रज्योतने त्याला आजवर बिनबाह्यांच्या काळ्या गंजीत पाहिलेला. पाठ मात्र तीच. ओरडण्याआधी खांदे वर उचलायची लकब तीच.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या यशवंताचो झिल बोटीर गेल्लो आसा, तो सुखरूप घराक येवं दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि इथे, यशवंताच्या या मुलाच्या मागण्यालाच, घोटाळा झाला. दहाबारा वर्षांची सवय. गौरेशचा आवाज कानात पडताच प्रज्योतचं तोंड आपोआप उघडलं आणि "व्हय" बाहेर पडला, अर्धा श्वास आधी, गौरेशचं वाक्य संपायच्या आत. गावाचा आवाज मागून आला. पुढचा म्हातारा वळला. "मरे, देवाक पुरां आयकूं तरी दी!" बायका फिसकन् हसल्या. प्रज्योतचे कान लाल झाले. पुढच्या मागण्याला त्याने ओठ दाबून धरले, तरी "व्हय" सुटलाच, पुन्हा सगळ्यांच्या आधी. तिकडे गौरेशची पाठ क्षणभर ताठ झाली. तो वळला नाही. पण आपल्याला कळलंय हे त्याच्या पाठीने सांगितलं. मग तो पुढच्या वाक्याला लागला.

रांग सरकत होती. एकीची म्हैस दूध देत नव्हती. एका पोराला सरकारी नोकरी हवी होती. एकाचा शेजारी कुंपण सरकवत होता, आणि तो शेजारीही रांगेत दोन माणसं मागे उभा होता. प्रत्येकाचं मागणं गौरेश वाकून ऐकायचा, मग देवाकडे वळून ते मोठ्या आवाजात असं मांडायचा की त्या माणसालाही आपलं दुःख नव्याने कळावं. बँडमध्ये तो ओरडायचा तेव्हा ऐकणारे नाचायचे. इथे म्हशीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेकडो माणसं तिच्या म्हशीसाठी "व्हय म्हाराजा" म्हणाली, आणि त्यात प्रज्योतही होता. त्याला वाटलं, आपण इतकी वर्षं एक माइक आणि एक मशीन घेऊन याच्यासाठी अख्खा गाव व्हायला बघत होतो. याचा गाव तर इथेच होता. हा विचार त्याला आवडला नाही, पण तो जाईना.

मग त्याची पाळी आली.

मखरापाशी खुर्चीत दत्ताराम बसले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्यांनी प्रज्योतला ओळखलं असावं, चांगला हात थोडा उचलला. प्रज्योतने नारळ ठेवला. गौरेश वाकला. इतक्या जवळून त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसत होती.

"सांग," गौरेश म्हणाला. सगळ्यांना म्हणत होता तसंच.

घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. माझा जोडीदार परत येऊ दे. सहज म्हणता आलं असतं. मागे लोक खोळंबले होते, कोणाचं तरी मूल रडत होतं, दत्ताराम बघत होते.

"सांजेचो कार्यक्रम बरो होवं दी," प्रज्योत म्हणाला.

"इतक्यांच?"

"इतक्यांच."

गौरेश त्याच्याकडे बघत राहिला. म्हापशाला भजीच्या बशीवरून बघितलं होतं तसाच. मग त्याने देवाकडे तोंड केलं, खांदे वर उचलले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हो सर्वणचो प्रज्योत आज तुझ्या पायांकडे नारळ घेवन इलो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सांजेक ह्येचो कार्यक्रम आसा, तो बरो पार पडूं दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे संपायला हवं होतं. मागचा माणूस नारळ पुढे करून सरकलाही. पण गौरेश थांबला नाही.

"ह्येच्या मनात आसा तां हो सांगणा नाय म्हाराजा! ह्येणां कोणाक कधी काय सांगूंक नाय! म्हणान मी सांगतंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला, जरा कान टवकारून.

"हो एकटो पडलो आसा म्हाराजा! घरात वाट बघणारां कोण नाय, बोलणारां कोण नाय! हो रात-दीस लोखंडाकडे बोलता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

प्रज्योतला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अख्ख्या गावासमोर, अनोळखी बायाबापड्यांसमोर, जे त्याने आईलासुद्धा कळू दिलं नव्हतं ते नदीपलीकडे जाईल अशा आवाजात मोकळं झालं होतं. आणि तरी, किती विचित्र, छातीवरचं काहीतरी हलकंही होत होतं.

"ह्येका वाटता, आपलो जोडीदार परत येवं दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गावाने जोर लावला. गावाला आता या पोराचा कळवळा आला होता. प्रज्योतने न सांगताच बेत तडीस गेला होता. बोलला, गौरेश स्वतःच्या तोंडाने बोलला.

गौरेशने श्वास घेतला. आणि मग त्याने ते केलं जे दिवसभरात कोणासाठी केलं नव्हतं. डाव्या खांद्यावरून मागे वळून त्याने प्रज्योतकडे पाहिलं. डोळे भरलेले होते. प्रज्योतची मान आपोआप हलली, नेहमीसारखी, हं, तयार आहे, सोड.

"पण तो जोडीदार हंयच तुझ्या चाकरेक उबो आसा! तो आता परत जावचो नाय म्हाराजा!"

"व्हय!"

सभामंडपात तो एकच आवाज घुमला. अर्धा श्वास आधी, बिनचूक, ठणठणीत. प्रज्योतचा. गाव मागून येईपर्यंत तो एकटाच हवेत होता, आणि प्रज्योतला तो दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा ऐकू आला. मग शेकडो गळ्यांचं "व्हय म्हाराजा" त्याच्यावरून गेलं. देवापुढे पडलेला होकार मागे घेता येत नाही, हे हळर्णातच काय, सर्वणातही सगळ्यांना माहीत आहे.

"ह्येच्या हाकेक व्हय म्हणणारां कोण तरी ह्येका दी म्हाराजा!" गौरेशचा आवाज इथे फाटला. "मी मागतंय म्हाराजा! दत्तारामाचो झिल मागता!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी प्रज्योतच्या तोंडून काहीच आलं नाही.

गौरेशने नारळ फोडला, अर्धं कवड त्याच्या हातात दिलं, आणि देताना हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. "तुझो व्हय अजून फुडेंच जाता," तो हळूच म्हणाला.

प्रज्योतला बोलायचं होतं. "तू बरां केलंस" की "असां कित्याक केलंस", दोन्हीपैकी काहीही. तेवढ्यात मागच्या माणसाने नारळ ठेवला आणि गौरेशला वाकावं लागलं. "सांग," तो त्या माणसाला म्हणाला.

प्रज्योत बाहेर आला. शेवंतीने त्याच्या हातातलं कवड पाहून विचारलं, "सांगलंस मरे मागणां?" तो म्हणाला, "सांगलां." व्हॅनपाशी येऊन त्याने दार उघडलं. आत पिंप, मशीन, सॅम्पलर, त्यात सोळा चौकोनांत कापून ठेवलेला माणूस. त्याने सॅम्पलर मांडीवर घेतला आणि एकेका बटणावरचा आवाज पुसून टाकायला सुरुवात केली. शेवटच्यापर्यंत गेला. मग तनयाला फोन लावला.

"बोल," तनया म्हणाली. "दोघे ना?"

देवळातून गौरेशचा आवाज ऐकू येत होता, आणि त्याच्या मागे गावाचा. कोणाचं तरी कुंपण होतं.

"नाय," प्रज्योत म्हणाला. "गौरेश येवचो नाय. तो आता कधीच येवचो नाय. मी एकटोच आसंय." आणि तनया काही विचारायच्या आत, आयुष्यात पहिल्यांदा, त्याने पुढचं वाक्यही बोलून टाकलं. "तनया, माका एकट्याक भंय दिसता. तू स्टेजाफुडें येवन उबी रवशीत, व्हय म्हणूंक?"

लाइन तुटली की काय म्हणून त्याने फोन कानावरून काढून पाहिला. चालू होता. तो परत कानाला लावून, त्या रणरणत्या उन्हात, प्रज्योत उत्तराची वाट बघत उभा राहिला.